तोफ मोठी करायची की वेळ अचूक मोजायची?

मे २०२५ मध्ये सीमेपलीकडून आलेले ड्रोन आपल्या एल-७० आणि झेडयू-२३ या विमानवेधी तोफांनी आकाशातच पाडले. त्याच दिवसांत पूंछमध्ये मात्र तोफगोळे घरांवर पडत होते आणि त्यांत मुलांसह सामान्य माणसं मारली गेली. ड्रोन अडवता येतो, तर गोळा का नाही? शस्त्रांच्या नव्या रचना सुचवणाऱ्यांना हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धापासून खुणावतो आहे. कुणी जास्त नळ्या सुचवल्या, कुणी जास्त वेग, कुणी वीज, कुणी लेझर.

पुढच्या संवादात या प्रश्नाकडे पाहणाऱ्या दोन दृष्टी आहेत. मामा तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत शिकलेले. भाची यंत्र अभियंता, फसलेल्या आणि यशस्वी शस्त्ररचनांचा इतिहास आवडीने वाचणारी. माणसं कल्पित आहेत. तारखा, यंत्रं आणि आकडे खरे आहेत.

भाची : मामा, तोफेचा साधा गोळा म्हणजे आकाशातलं सगळ्यात प्रामाणिक लक्ष्य. विमान वळतं, ड्रोन घिरट्या घालतो, काही क्षेपणास्त्रं शेवटच्या क्षणी मार्ग बदलतात. गोळा एकदा नळीतून सुटला की त्याच्यावर सत्ता फक्त गुरुत्वाकर्षणाची आणि हवेची. रडारने त्याच्या वाटेचा एक तुकडा पाहिला की पुढची सगळी वाट गणिताने काढता येते. जे कुठे पडणार हे आधीच कळतं, ते वाटेत गाठता का येऊ नये?

मामा : वाट कळली म्हणून त्या वाटेवर आडवं काही ठेवता येतंच असं नाही, पोरी. १५५ मिलिमीटरचा गोळा घे. वजन सुमारे ४३ किलो. खाली येताना वेग सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास. समोरून बघितलास तर साडेपंधरा सेंटिमीटरची एक चकती, बस. आणि अंग जाड पोलादाचं. नळीतून सुटताना त्याला गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटींहून मोठा धक्का सोसावा लागतो, म्हणून तो तसाच घडवलेला असतो. ड्रोनचा पंखा मोडला, एखादी तार तुटली की तो कोसळतो. गोळ्याला मोडायला पंखा नाही आणि बंद पाडायला इंजिन नाही. तो आधीच कोसळतो आहे.

भाची : म्हणूनच एकाच्या जागी शेकडो गोळ्या झाडायच्या. रिचर्ड गॅटलिंगने फिरत्या नळ्यांच्या बंदुकीचं पेटंट १८६२ मध्ये घेतलं. १८९३ मध्ये त्याने तिला विजेची मोटर जोडली, तेव्हा वेग मिनिटाला ३,००० गोळ्यांपर्यंत गेला. त्या काळी एवढा वेग कुणाला हवाच नव्हता, म्हणून कल्पना पडून राहिली. जेट विमानं आली आणि १९४६ मध्ये अमेरिकेने जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून तीच कल्पना पुन्हा बाहेर काढवली. त्यातून सहा नळ्यांची व्हल्कन तोफ झाली. तिच्यावर रडार बसवून नौदलाची फॅलँक्स झाली, आणि २००५ पासून तीच फॅलँक्स इराकमधल्या तळांवर रॉकेटं आणि उखळी तोफांचे बॉम्ब पाडू लागली. अर्धं शतक अडगळीत पडलेली रचना एवढं करू शकते, तर आजच्या विचित्र वाटणाऱ्या रचनांना आपण आधीच नाही का म्हणायचं?

मामा : नाही म्हणत नाही. हिशोबाला बसवतो. फॅलँक्स मिनिटाला ४,५०० गोळ्या झाडते, म्हणजे सेकंदाला ७५. समज, तिच्या गोळ्या एक किलोमीटरवर एक मीटर व्यासाच्या वर्तुळात विखुरतात आणि तुझा नेम अगदी बिनचूक आहे. ते वर्तुळ समोरून येणाऱ्या गोळ्याच्या चकतीच्या चाळीसपट मोठं. म्हणजे चाळीस झाडल्यावर एक लागणार. दोन किलोमीटरवर गाठायचं ठरवलंस, तर वर्तुळाचा व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. आता एकशे साठ-सत्तर झाडल्यावर एक. पेटीत एकूण १,५५० गोळ्या, म्हणजे जेमतेम वीस सेकंदांचा मारा.

आणि लागली तर पुढे काय? २० मिलिमीटरची गोळी शंभरेक ग्रॅमची. तिच्या धक्क्याने ४३ किलोचं पोलाद वाट सोडत नाही. आतलं स्फोटक हवेतच पेटलं पाहिजे, नाहीतर ते पेटवणारा फ्यूज निकामी झाला पाहिजे. उखळी बॉम्बचं कवच पातळ असतं, रॉकेटचं त्याहून पातळ, म्हणून तिथे जमतं. १५५ चा गोळा वेगळ्या जातीचा आहे.

भाची : नौदलाची फॅलँक्स टंगस्टनची भरीव गोळी वापरते, आणि जमिनीवरच्या फॅलँक्सला हवेतच फुटणारी गोळी द्यावी लागली, हेही मी वाचलं होतं. कारण मला लगेच उमगलं नव्हतं.

मामा : समुद्रात चुकलेली गोळी पाण्यात पडते. शहरात ती कुणाच्या तरी छपरावर पडते. १९४५ मध्ये ब्रिटनच्या विमानवेधी दलाचे प्रमुख जनरल फ्रेडरिक पाइल यांनी जर्मन व्ही-२ रॉकेटच्या वाटेत तोफगोळ्यांचा पडदा उभा करायची योजना मांडली होती. तिला परवानगी मिळाली नाही. वर झाडलेलं ते सगळं लंडनवरच खाली येणार होतं. बचावासाठी झाडलेला प्रत्येक गोळा कुठेतरी उतरतो, हे नव्या तोफेचं चित्र काढणाऱ्याने पहिल्याच कागदावर लिहून ठेवावं.

भाची : मग एकाच क्षणात भिंत उभी करता आली तर? ऑस्ट्रेलियाच्या माइक ओड्वायरने मेटल स्टॉर्म नावाची रचना केली. काडतुसं पेटीत ठेवायचीच नाहीत. नळीतच एकामागे एक रचायची आणि प्रत्येकाला विजेच्या संकेताने पेटवायचं. सरकणारा भाग एकही नाही. ३६ नळ्यांच्या नमुन्याने एका शतांश सेकंदात १८० गोळ्या सोडल्या. हिशोब केला तर हा दर मिनिटाला दहा लाखांच्या पुढे जातो.

मामा : दर मिनिटाचा, पण गोळ्या एका शतांश सेकंदाच्या. त्यानंतर नळ्या रिकाम्या. भरायच्या म्हणजे नळ्याच बदलायच्या. आणि मला सांग, नळीत सगळ्यात पुढे ठेवलेल्या गोळीला धावायला किती नळी मिळते? आणि सगळ्यात मागच्या गोळीला?

भाची : पुढचीला कमी, मागचीला जास्त. म्हणजे प्रत्येकीचा वेग वेगळा.

मामा : वेग वेगळा म्हणजे पोहोचायची वेळ वेगळी. भिंत उभी करायला गेलीस आणि विटा वेगवेगळ्या वेळी पोहोचल्या. ती कंपनी २०१२ मध्ये बुडाली, याचं मला समाधान वाटत नाही. माणसाने डोकं चालवलं होतं. पण त्याने ज्या आकड्याचा अभिमान धरला, तो आकडा प्रश्नाला लागूच नव्हता.

भाची : असं बऱ्याच रचनांचं झालं आहे. १९६० च्या दशकातलं गायरोजेट पिस्तूल गोळीऐवजी १३ मिलिमीटरचं छोटं रॉकेट सोडायचं. धक्का जवळपास नाही, आवाज कमी. पण रॉकेट नळीतून संथ निघायचं आणि वेग पुढे जाऊन घ्यायचं, त्यामुळे जवळच्या माणसावर परिणाम कमी आणि लांबच्यावर नेम नाही. जर्मनीच्या हेक्लर अँड कॉखने जी-११ रायफलमध्ये पितळी केसच काढून टाकली. वजन वाचलं, पण मग कळलं की तापलेल्या नळीतून बाहेर फेकली जाणारी केस आपल्याबरोबर उष्णताही घेऊन जात होती. ती नसताना काडतूस आपोआप पेटायला लागलं. शेवटी वेगळं, जास्त तापमान सोसणारं दारूचं मिश्रण शोधून तो प्रश्न सुटला. पण तोवर जर्मनीचं एकीकरण झालं आणि रायफल विकत घेणाऱ्यांची गरजच बदलली.

मामा : या गोष्टीतून मी नव्या मुलांना एकच सांगत असे. शस्त्राचा कोणताही भाग निरुपयोगी म्हणून काढण्याआधी तो गुपचूप कोणतं काम करतो आहे, ते शोधा. पितळी केस दारू सांभाळते, नळीचं तोंड मागून बंद करते, उष्णता बाहेर नेते. तीन कामं करणारा भाग काढलास तर तिन्ही कामांना दुसरा माणूस नेमावा लागतो.

भाची : मग दोन रुळांमधून विजेच्या जोरावर गोळा फेकणाऱ्या रेलगनकडे बघू. तिथे दारूच नाही. अमेरिकन नौदलाने डिसेंबर २०१० मध्ये डालग्रेनला ३३ मेगाज्यूल ऊर्जेची फेक साधली.

मामा : आमच्या १५५ च्या गोळ्याची नळीतोंडाशी ऊर्जा साधारण १५ मेगाज्यूल भरते. म्हणजे दुपटीहून जास्त. काम मोठंच होतं.

भाची : पण प्रत्येक फेकीला रूळ झिजत गेले, आणि २०२१ मध्ये अमेरिकेने तो प्रकल्प थांबवला. तरी त्यातून एक गोष्ट वाचली. रेलगनसाठी घडवलेला सडपातळ, मार्ग सुधारणारा गोळा त्यांनी साध्या दारूच्या तोफेत घातला. सप्टेंबर २०२० मध्ये व्हाइट सँड्सच्या चाचणी क्षेत्रात १५५ मिलिमीटरच्या हॉवित्झरने त्याच गोळ्याने क्रूझ क्षेपणास्त्राची नक्कल करणारं वैमानिकरहित विमान पाडलं. जमिनीवर मारा करणाऱ्या तोफेने आकाशातलं लक्ष्य पाडलं, मामा. तुमच्या काळात यावर कुणी विश्वास ठेवला असता?

मामा : नसता ठेवला. पण बघ, जिंकलं कोण? तोफ जुनीच राहिली. शहाणा झाला तो गोळा.

भाची : इथे मला तुमच्याशी भांडायचं नाही, कारण मी सगळा इतिहास पुन्हा लावून बघितला तेव्हा मलाही हेच दिसलं. फसलेल्या बहुतेक रचनांनी तोफ मोठी केली किंवा वेगवान केली. यशस्वी झालेल्यांनी कुठे आणि कधी फुटायचं, हे ज्ञान सुधारलं. यातलं सगळ्यात विलक्षण उदाहरण १९४० चं आहे. बेल लॅब्जमध्ये डेव्हिड पार्किन्सन नावाचा तरुण अभियंता कागदावर रेघ ओढणारं एक उपकरण बनवत होता. एका लहानशा विद्युत घटकाच्या जोरावर पेन हालायचं. त्याला स्वप्न पडलं की तो विमानवेधी तोफेजवळ उभा आहे, तोफेचा एकही वार चुकत नाही, आणि तोफेवर त्याचाच तो घटक बसवला आहे. सकाळी त्याच्या मनात आलं की पेन जसं हालतं, तशी तोफही हालू शकेल. त्या विचारातून एम-९ हे विद्युत गणनयंत्र उभं राहिलं. विमान आता कुठे आहे, यावरून गोळा पोहोचेल तेव्हा ते कुठे असेल, हे काढून तोफ वळवणारं.

मामा : झेल घेणारा चेंडूच्या मागे धावत नाही, चेंडू जिथे उतरणार तिथे जातो. तेच.

भाची : तेच. आणि त्याच्या जोडीला मर्ल ट्यूव्ह यांच्या गटाने मेरीलँडमध्ये केलेला रेडिओ फ्यूज. तोपर्यंत गोळा किती सेकंदांनी फुटायचा, हे डागण्याआधी हाताने लावावं लागायचं. नव्या फ्यूजमध्ये एक छोटा रेडिओ होता. लक्ष्य जवळ आलं की गोळा स्वतः फुटायचा. काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब तोफेच्या धक्क्यात टिकवायच्या, ही त्या काळी वेडगळ वाटणारी कल्पना होती. ५ जानेवारी १९४३ ला हेलेना या अमेरिकन युद्धनौकेने त्या फ्यूजने जपानी विमान पाडलं. १९४४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावर एससीआर-५८४ रडार, एम-९ गणनयंत्र आणि हा फ्यूज, तिन्ही एकत्र आले. उडत्या व्ही-१ बॉम्बांपैकी कितीतरी जास्त बॉम्ब आता हवेतच पाडले जाऊ लागले. तोफ तीच होती. तिला वेळ कळू लागली होती.

मामा : आता त्याच फ्यूजची पुढची गोष्ट मी सांगतो, कारण ती आमच्या बाजूची आहे. सुरुवातीला तो जमिनीवरच्या लढाईत वापरायला बंदी होती. न फुटलेला एखादा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. डिसेंबर १९४४ मध्ये आर्देनच्या लढाईत ती बंदी उठली. जमिनीवर आपटून फुटणाऱ्या गोळ्याचे बरेच तुकडे मातीत जातात. हा गोळा जमिनीच्या थोडा वरच फुटायचा आणि उघड्या खड्ड्यात पडून राहिलेल्या शिपायावर वरून तुकडे कोसळायचे. लंडन वाचवणारं ज्ञान काही महिन्यांत तोफखान्याला आणखी जीवघेणं करून गेलं. तुझ्या प्रत्येक शोधाला असं दुसरं तोंड असतं.

भाची : ते मला मान्य आहे आणि त्याचा त्रासही होतो. पण म्हणून बचावाचं ज्ञान मागे ठेवता येत नाही. वेळेचं महत्त्व आज किती वाढलं आहे, बघा. ३५ मिलिमीटरच्या अहेड गोळ्यात टंगस्टनचे १५२ छर्रे असतात आणि लक्ष्याच्या अगदी पुढे तो उघडून छर्‍यांचा ढग तयार करतो. तोफेच्या तोंडाशी तीन कड्या आहेत. पहिल्या दोन कड्यांतून जाताना त्या गोळ्याचा खरा वेग मोजला जातो आणि तिसऱ्या कडीत, बाहेर पडता पडता, त्याला फुटायची वेळ सांगितली जाते. जर्मनीच्या मँटिस यंत्रणेने हीच पद्धत रॉकेटं, गोळे आणि उखळी बॉम्ब यांच्यासाठी घेतली.

मामा : प्रत्येक गोळ्याचा वेगळा मोजतात? एकदा मोजून भागत नाही?

भाची : नाही भागत. वेग सेकंदाला हजार मीटर धरा. दारू जरा गरम असेल, नळी जरा झिजली असेल, तर एक टक्का इकडेतिकडे होतो. दोन सेकंदांच्या उड्डाणात त्याचे वीस मीटर झाले. छर्‍यांचा ढग वीस मीटर मागे उघडला, तर तो काहीच अडवत नाही. शिवाय गोळा आणि छर्रे समोरासमोर येताना मधलं अंतर सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगाने कमी होतं. एका हजारांश सेकंदाची चूक म्हणजे एक मीटरहून मोठी चूक.

मामा : हे मला पटलं, कारण आमच्याकडेही हेच होतं. देवळालीत पहिल्या दिवसापासून दारूचं तापमान, नळीची झीज, वरच्या थरातला वारा, सगळं लिहून घ्यायला शिकवतात. तोफ डागणं सोपं. तिच्या आधीचं टिपण अवघड. तर मग एक गोळा अडवता येतो, हे मी मान्य करतो. ब्रिटिश नौदलाच्या सी वुल्फ क्षेपणास्त्राने चाचण्यांत ११४ मिलिमीटरचा गोळा हवेत टिपला होता, तेव्हापासून मान्य आहे. पण तोफखाना एक गोळा टाकत नाही. जर्मनीची पीझेडएच-२००० तोफ नऊ सेकंदांत तीन गोळे सोडते. तशा सहा तोफांची बॅटरी धर. नऊ सेकंदांत अठरा गोळे हवेत. आणि कोन बदलत एकाच तोफेचे अनेक गोळे एकाच क्षणी उतरवता येतात. अठराच्या अठरा अडवशील?

भाची : लेझरला गोळ्यांची पेटी लागत नाही. अमेरिका आणि इस्रायल यांच्या संयुक्त रासायनिक लेझरने २००० मध्ये कात्युशा रॉकेट पाडलं आणि नोव्हेंबर २००२ मध्ये तोफगोळाही. एप्रिल २०२२ मध्ये इस्रायलने नव्या विद्युत लेझरच्या चाचण्या जाहीर केल्या, तेव्हा एका माऱ्याचा खर्च साडेतीन डॉलर सांगितला होता.

मामा : किरण पोहोचतो क्षणात, पण काम व्हायला तो एकाच जागी काही वेळ धरून ठेवावा लागतो. गोळा सेकंदाला दोनशेहून जास्त गिरक्या घेत येतो, त्यामुळे उष्णता एका ठिकाणी न बसता सगळ्या अंगावर पसरते. धुकं, धूळ, ढग असले की किरण क्षीण होतो. आणि एका वेळी एकच लक्ष्य. प्रत्येकावर तीन सेकंद गेले, तर अठराव्याची पाळी येईपर्यंत तो जमिनीवर. लेझर मला हवा आहे, पोरी. फक्त तो आला की बाकीचं विसरता येईल, असं कुणी सांगू नये.

भाची : पण अठराच्या अठरा अडवायची गरज आहे, हे कुणी ठरवलं? इस्रायलच्या आयर्न डोम यंत्रणेचं खरं कौशल्य तिथेच आहे. ७ एप्रिल २०११ ला त्याने पहिलं ग्रॅड रॉकेट पाडलं. त्याचं रडार प्रत्येक रॉकेट कुठे पडणार ते काढतं आणि जे मोकळ्या रानात पडणार त्याला जाऊ देतं. त्याच्या तामिर क्षेपणास्त्राची किंमत चाळीस ते पन्नास हजार डॉलर सांगितली जाते. तोफगोळा काही हजार डॉलरचा, आणि साधं रॉकेट त्याहून कितीतरी स्वस्त. प्रत्येकाला अडवत बसलं, तर हल्ला करणाऱ्याचा पैसा उरेल आणि बचाव करणाऱ्याचा संपेल. म्हणून काय अडवायचं नाही, हे आधी ठरतं.

मामा : हे मला तोफेच्या कोणत्याही चित्रापेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं. पण त्यात एक बोच आहे. रडार म्हणालं, हा गोळा रानात पडेल, तर त्या रानात गुरं घेऊन कोण गेलं आहे, हे त्याला माहीत नसतं. निवड यंत्र करत असलं, तरी कोणती जागा वाचवायची, याची यादी माणसाने आधी भरलेली असते. त्या यादीत सीमेवरची वस्ती आहे का, हे विचारलं पाहिजे.

भाची : मग तुमच्या मते गोळा अडवायची योग्य जागा कोणती?

मामा : जिथून तो सुटतो ती. गोळा वर चढताना रडारने त्याची वाट पकडली की ती वाट उलट काढून तोफेचं ठिकाण मिळतं. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, अशी रडारं आपल्याकडे नव्हती आणि पलीकडे अमेरिकन रडारं होती. आपल्या बोफोर्सनी मोठा पराक्रम केला, पण शत्रूच्या तोफा शोधताना आमची माणसं डोळ्यांवर आणि निरीक्षण चौक्यांवर अवलंबून होती. त्याची किंमत मोजली. पुढे २००२ मध्ये एएन/टीपीक्यू-३७ रडारांचा करार झाला आणि नंतर बेंगळुरूच्या एलआरडीई प्रयोगशाळेने आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने स्वाती रडार बनवलं. हवेतला गोळा अडला नाही, तरी त्याच्या मागचा दुसरा, तिसरा, दहावा गोळा सुटू नये, हे त्यामुळे जमतं. युक्रेनमध्येही तोफगोळ्यांपासूनचा बचाव मुख्यतः खंदक, पांगापांग आणि समोरची तोफ शोधून मारणं यांवरच उभा आहे.

भाची : पण तो पहिला गोळा? पूंछच्या घरात बसलेल्या बाईला दहावा गोळा सुटला नाही, हे कळून काय उपयोग? तिच्यावर पहिलाच पडतो. मी नव्या रचनांच्या मागे लागले आहे ते त्या पहिल्या गोळ्यासाठी.

मामा : बरोबर आहे तुझं. तोफखान्याचा माणूस नेहमी दहाव्या गोळ्याचा विचार करतो. पहिला कुणावर पडला, ते बघायला तो तिथे नसतो. मग पहिल्या गोळ्याचं बोलू. दहा-पंधरा किलोमीटरवरून येणारा गोळा अर्धा ते पाऊण मिनिट हवेत असतो. रडारला तो दिसायला आणि वाट काढायला काही सेकंद जातात. उरले समज वीस सेकंद. या वीस सेकंदांचं काय करायचं?

भाची : इराकमधल्या तळांवर तीच फॅलँक्स एका मोठ्या साखळीचा एक दुवा होती. रडारने बॉम्ब पाहिला की तोफ वळायच्या आधी भोंगे वाजायचे. इशारा आधी, तोफ नंतर. लोक अडवणाऱ्या तोफेची चित्रफीत बघतात, पण त्या भोंग्यांनीही जीव वाचवले. वीस सेकंदांत माणूस अंथरुणातून उठून शेजारच्या काँक्रीटच्या खोलीत जाऊ शकतो.

मामा : खोली असेल तर. २०१७ मध्ये जम्मू भागातल्या सीमावर्ती जिल्ह्यांसाठी चौदा हजारांहून जास्त बंकरांना मंजुरी मिळाली होती. तरी मे २०२५ मध्ये बंकर पुरेसे नाहीत, अशी तक्रार पूंछच्या लोकांनी केलीच. चांगला बंकर गोळ्याचे तुकडे अडवतो, रात्री अडवतो, धुक्यात अडवतो, अठरा गोळे एकदम आले तरी अडवतो. त्याला गोळ्यांची पेटी लागत नाही. माझ्या हिशोबात गोळा अडवणारं पहिलं यंत्र तेच आहे.

भाची : आणि माझ्या हिशोबात त्याचा दुसरा अर्धा भाग इशारा आहे. इशारा नसेल, तर रिकामा बंकर कुणालाच वाचवत नाही. म्हणजे आपण दोघंही वेळेवरच येऊन थांबलो. पार्किन्सनच्या गणनयंत्राने वेळ तोफेला दिली, ट्यूव्हच्या फ्यूजने गोळ्याला दिली, अहेडच्या कड्यांनी प्रत्येक गोळ्याला वेगळी मोजून दिली. तीच वेळ आधी माणसाला द्यायची.

मामा : मग नव्या शस्त्राचं चित्र घेऊन कुणी आला, तर त्याला काय विचारशील?

भाची : तीन प्रश्न. तुझ्या यंत्राला गोळा कधी दिसतो? तो दिसल्यापासून पडेपर्यंत किती सेकंद उरतात? आणि त्या सेकंदांवर पहिला हक्क कुणाचा ठेवला आहेस? मिनिटाला किती गोळ्या झाडतोस, हे मी चौथ्या क्रमांकावर विचारीन.

मामा : आणि मी पाचवा प्रश्न जोडीन. तुझं यंत्र समोरच्या बाजूला मिळालं, तर आपल्या शिपायावर त्याचा काय परिणाम होईल? आर्देनमध्ये या प्रश्नाचं उत्तर रक्ताने लिहिलं गेलं. ते आधी कागदावर लिहिलं जावं, एवढीच माझी अपेक्षा आहे. या पाच प्रश्नांना जो उभा राहील, त्याची कल्पना कितीही विचित्र असली तरी मी तिच्या बाजूने बोलेन. ज्ञानाला मी कधीच विरोध केला नाही. हिशोबाशिवायच्या आशेला केला, कारण त्या आशेच्या भरवशावर कुणीतरी बंकर बांधायचं पुढे ढकलतो.

भाची : तर क्रम असा लावू. सीमेवरच्या प्रत्येक वस्तीसाठी रडार आणि भोंगा एका साखळीत जोडायचे, भोंगा वाजल्यावर वेळेत पोहोचता येईल इतक्या अंतरावर काँक्रीटची खोली बांधायची, आणि त्याच रडारने समोरची तोफ शोधायची. त्यानंतर हवेत अडवणाऱ्या तोफा आणि लेझर, ज्या जागा खरंच वाचवायच्या आहेत त्यांच्यासाठी. मी या शेवटच्या पायरीवर आयुष्य घालवायला तयार आहे, मामा. पण ती पायरी तयार होईपर्यंत आधीच्या तीन पायऱ्यांनी माणसं वाचवलेली असली पाहिजेत. ज्या दिवशी लेझर येईल, त्या दिवशी त्याला लागणारं रडार, गणित आणि निर्णयाची साखळी आधीच कामावर असेल, आणि गोळा अडवायचं यंत्र नव्याने शून्यातून उभं करावं लागणार नाही.